शून्य वस्तीचे बेट

मालदीवला दोन महिने राहून आलो असे सांगितले की आमच्या सोसायटीतील मंडळी माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहू लागतात. त्यांचाही दोष नाही. मालदीव म्हटले की डोळ्यांपुढे येते ते निळेशार पाणी, पाण्यावर उभ्या केलेल्या झोपड्या आणि त्यांत उतरलेली नवविवाहित जोडपी. सेवानिवृत्त, चष्मा लावणारा, मधुमेहाच्या गोळ्या घेणारा मनुष्य तेथे एकटाच दोन महिने काय करीत होता, हा प्रश्न कोणालाही पडेल. "मोजणी शिकवीत होतो," असे मी सांगतो आणि सगळ्यांचा उत्साह एकदम मावळतो.

आमचे शेजारी नाना मात्र चिवट. त्यांनी विचारले, "कसली मोजणी?"

"माणसांची, मासळीची, बाजारभावांची, घरखर्चाची."

"अहो, पण एवढ्याशा देशात मोजण्यासारखं आहे तरी काय? एक माणूस होडीतून फिरवला की दोन दिवसांत काम संपेल!"

नानांची थट्टा मी त्या वेळी हसण्यावारी नेली. पण खरे सांगायचे तर २०१९ च्या जानेवारीत मुंबईहून विमानात बसलो तेव्हा माझीही समजूत फारशी निराळी नव्हती. आयुष्यभर नोकरी केली ती आकड्यांच्या खात्यात, आणि तीही कोट्यवधी माणसांच्या देशात. एका आंतरराष्ट्रीय संस्थेने तेथल्या तरुण नोकरवर्गाला घरोघरच्या पाहणीचे शिक्षण देण्यासाठी बोलावले, तेव्हा मनात आले, आपल्या पुण्याच्या दोन-तीन पेठांचे काम. ते काय अवघड आहे!

मुंबईहून तीन तासांच्या आतबाहेर विमान खाली उतरू लागते. खिडकीतून पाहिले तर जमीन कोठेच नाही. निळ्या शालूवर कोणी पाचूच्या बांगड्या विखरून टाकाव्यात तशी गोल गोल कडी दिसतात. त्यांना आपण भूगोलात कंकणद्वीपे म्हणून शिकलो. इंग्रजांनी 'अॅटॉल' हा शब्द उचलला तो याच लोकांच्या 'अतोळु' या शब्दावरून. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना समुद्र. चाके पाण्याला लागणार की जमिनीला, हे शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही, आणि जमीन लागली की विमानातील निम्मी माणसे सुटकेचा श्वास सोडतात. मीही सोडला.

या देशात सुमारे बाराशे बेटे आहेत आणि त्यांतील पावणेदोनशेच्या वर बेटांवर लोकांची वस्ती आहे. सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली तर ती तीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास भरते. म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्मी. पण ही निम्मी मुंबई दक्षिणोत्तर आठशे किलोमीटरांहून अधिक लांबीवर सांडलेली आहे, आणि देशाच्या हक्काचा समुद्र महाराष्ट्राच्या जवळजवळ तिप्पट आहे. पहिल्याच दिवशी हे आकडे माझ्यापुढे ठेवून तेथल्या अधिकारीणबाई शांतपणे म्हणाल्या, "सर, आमचा देश लहान नाही. आमची जमीन लहान आहे."

या बाईंचीच गोष्ट आधी सांगतो. राजधानी माले येथल्या त्या कचेरीत पाऊल टाकले तेव्हा आतून कोणीतरी हाक मारीत होते, "दत्ता! दत्ता!" मला वाटले, चला, एखादा मराठी बाप्या येथेही येऊन पोहोचला आहे. मोठ्या आशेने वळून पाहिले, तर डोक्याला रुमाल बांधलेली तिशीतील एक चुणचुणीत बाई हातात कागदांचा गठ्ठा घेऊन येत होती. दिवेही भाषेत दत्ता म्हणजे ताई! पुढे कळले की बप्पा म्हणजे बाबा, आणि मामा म्हणजे चक्क आजी. नात्यांची अशी उलथापालथ पाहून मी पहिले दोन दिवस कोणाला काय म्हणावे या विवंचनेत होतो.

परंतु आकडे ऐकले आणि घरी आल्यासारखे वाटले. तीनला तीन, सहाला ह, सातला हत, नऊला नुव, दहाला दिहा. आपल्या 'प'चा ते 'फ' करतात आणि 'स'चा पुष्कळदा 'ह' करतात. म्हणून पाचाचे झाले फस. चंद्राचे झाले हंदु. अकरा-बारा-तेरा तर जवळजवळ जसेच्या तसे. सिंहली भाषेची ही बहीण, म्हणजे आपली दूरची चुलत बहीणच. शिवाय त्यांच्यात आपला 'ळ' आहे. परदेशात 'ळ' ऐकून मराठी माणसाच्या जिवाला काय वाटते, ते ज्याचे त्यालाच ठाऊक. होडीला ते दोनी म्हणतात, झोपाळ्याला उंदोळी, आणि दोरीच्या जाळीची बैठक असलेली जी खुर्ची घरोघर असते तिला जोली. हिंदोळा आणि झोळी आठवल्यावाचून राहतील काय?

त्यांची लिपी मात्र उजवीकडून डावीकडे जाते. तिचे नाव ताना. या लिपीची पहिली नऊ अक्षरे अरबी आकड्यांपासून घडविलेली आहेत आणि पुढची नऊ जुन्या देशी आकड्यांपासून. म्हणजे एक ते नऊ दोनदा लिहिले आणि त्यातून मुळाक्षरे निघाली. जगातील इतर माणसे अक्षरे शिकून मग आकड्यांकडे वळतात. येथे आकड्यांचीच अक्षरे झाली. संख्याशास्त्र शिकवायला याहून चांगला मुलूख कोणता मिळणार? जुन्या काळी ते बारा-बाराच्या हिशेबाने मोजीत. त्याची खूण अजून भाषेत आहे: साठाला ते 'फस दोळस' म्हणतात, म्हणजे पाच बारा.

आणि कवड्या! शतकानुशतके या बेटांतील कवड्या गलबते भरभरून बंगालला जात आणि तेथे नाणे म्हणून चालत. इब्न बतूता हा प्रवासी १३४३ साली येथे आला, काही काळ काझीही झाला. त्याने कवड्यांच्या मोजणीची परिमाणे लिहून ठेवली आहेत. त्यांत बारा हजार कवड्यांचा एक कोट्टा होता. आपण 'कवडीमोल' म्हणून ज्याची हेटाळणी करतो आणि भवानीच्या गोंधळात जिची माळ गळ्यात घालतो, ती कवडी येथे देशाचे उत्पन्न होती. तेव्हा मोजणे या लोकांना कोणी नव्याने शिकवावे असे नव्हते. मला हे कळायला जरा वेळ लागला इतकेच.

तो वेळ कसा लागला, ते सांगतो.

संख्याशास्त्राचे सारे सार आपल्या आयाबायांनी एका वाक्यात सांगून ठेवले आहे: शितावरून भाताची परीक्षा. सगळा भात चिवडायचे कारण नाही. पातेले नीट ढवळलेले असले की चार शिते पुरतात. आपल्या देशात १९५० पासून नमुना पाहणी चालू आहे ती याच तत्त्वावर. काही गावे निवडायची, प्रत्येक गावातून थोडी थोडी घरे निवडायची, आणि त्यांवरून साऱ्या राज्याचा अंदाज बांधायचा. मी हाच आराखडा पहिल्या आठवड्यात फळ्यावर मांडला. पुष्कळ बेटे घ्या, प्रत्येक बेटावरची दहा-दहा घरे घ्या. सगळ्या मुलामुलींनी मुकाट्याने उतरून घेतले. दत्ताने मात्र पेन्सिल काढली.

"सर, होडीला दहा घरांसाठी जेवढं डिझेल लागतं, तेवढंच शंभर घरांसाठी लागतं," ती म्हणाली. "आणि वारा पडला नाही तर गणक चार दिवस त्याच बेटावर अडकून बसतो. दहा घरं झाली की तो काय करील? मासे मारील?"

सारा वर्ग हसला. मी निरुत्तर झालो. आमचा भात एका पातेल्यात होता; यांचा पावणेदोनशे वाट्यांत वाढलेला, आणि एका वाटीतून दुसऱ्या वाटीत जायला समुद्र ओलांडायचा. बरे, एकाच बेटावरची शंभर घरे घ्यावीत तर तीही एकमेकांसारखी. एका बेटावर सगळे मासेमारी करणारे, दुसऱ्यावर बहुतेक घरांतील पुरुष हॉटेलच्या बेटांवर नोकरीला गेलेले. म्हणजे घरे वाढवून माहिती वाढत नाही, आणि बेटे वाढवावीत तर तिजोरी रिकामी होते. मग आम्ही दोघांनी मिळून तीन दिवस आकडेमोड केली आणि मधला मार्ग काढला. तो माझ्या पुस्तकांतून निघालेला नव्हता. डिझेलच्या हिशेबातून निघालेला होता.

लहान देशाच्या आकड्यांना आणखीही खोडी असतात. समजा, वर्षाला सहा हजार मुले जन्मतात. एक बाई बाळंतपणात दगावली तर लाखामागे मृत्यूंचे प्रमाण एकदम सोळा-सतराने वाढते. पुढच्या वर्षी सुदैवाने कोणी दगावले नाही, तर तेच प्रमाण तेवढे खाली येते. बाहेरचा मनुष्य तक्ता पाहून म्हणतो, आरोग्यखात्यात केवढी उलथापालथ! उलथापालथ काही नसते; एक घर दुःखात बुडालेले असते, इतकेच. म्हणून येथे एका वर्षाच्या आकड्यावर न विसंबता पाच-पाच वर्षांची सरासरी पाहावी लागते.

तसेच गुपित राखण्याचे. एखाद्या बेटावर सुतार एकच. 'सुतारांचे सरासरी उत्पन्न' असा रकाना छापला की त्या बिचाऱ्याची मिळकत साऱ्या गावाला, त्याच्या सासुरवाडीसकट, कळली म्हणून समजा. तेव्हा काय मोजावे याइतकेच काय छापू नये हेही शिकवावे लागते.

आणि सर्वांत मोठी अडचण माणसांची. त्या कचेरीतील सगळी मंडळी आपल्याकडील लग्नाच्या दोन पंगतींत सहज बसली असती. राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब जाणणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी. एखादी मुलगी शिकून तयार होते न होते तोच तिला बँकेत किंवा हॉटेलच्या बेटावर दुप्पट पगार मिळतो. परदेशी तज्ज्ञ येतो, वर्ग घेतो, जाडजूड अहवाल लिहितो, फोटो काढून निघून जातो. मागे राहतो अहवाल. आणि तो ज्याला समजला होता तो मनुष्य दुसरीकडे गेलेला असतो. हे सगळे दत्ताने मला सांगितले ते कुरकुर म्हणून नव्हे. आपण पावसाविषयी बोलतो तशा स्वरात तिने ते सांगितले.

एवढा खटाटोप करायचा कशासाठी? आकड्यांवाचून काय अडते? याचे उत्तर या देशाच्या इतिहासातच आहे.

येथली पहिली शिरगणती १९११ साली सिलोनच्या शिरगणतीबरोबर झाली. तेव्हा सगळ्या बेटांवर मिळून सुमारे ७२ हजार माणसे होती. नव्या पद्धतीची पहिली शिरगणती १९७७ ची. १९७२ साली पहिले पर्यटक उतरले, आणि पुढे देश भराभर वर आला. मासळीची मोजदाद तर बेटाबेटांचे मुखत्यार पूर्वीपासून करीत; नावेतून उतरलेले मासे नगांवर मोजायचे, आणि मालेच्या कचेरीत त्यांचे वजनात रूपांतर करायचे. अशा आकड्यांतूनच दरडोई उत्पन्न ठरते, शाळा-दवाखान्यांची स्थिती ठरते, आणि त्यावरून संयुक्त राष्ट्रे ठरवतात की हा देश अत्यंत मागासलेल्या देशांच्या यादीत ठेवायचा की बाहेर काढायचा. यादीत असले की मदत आणि व्यापारातील सवलती मिळतात. बाहेर पडले की मान मिळतो, सवलती हळूहळू जातात.

या परीक्षेत तीन विषय असतात: उत्पन्न, लोकांचे आरोग्य-शिक्षण, आणि संकटापुढे टिकण्याची ताकद. दोन विषयांत पास झाले की पुरे. मालदीव पहिल्या दोन विषयांत पास झाला. तिसऱ्यात, म्हणजे संकटाच्या विषयात, झाला नाही. तरी नियमाप्रमाणे त्याला वरच्या वर्गात घालायचे ठरले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तसा ठराव केला, ती तारीख होती २० डिसेंबर २००४.

त्यानंतर सहा दिवसांनी, २६ डिसेंबरच्या रविवारी सकाळी, त्सुनामी आली.

शंभरावर माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. नुकसानीचा अंदाज झाला तो देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या सुमारे ६२ टक्के. ज्या विषयात देश नापास झाला होता, त्याच विषयाचा पेपर समुद्राने सहा दिवसांत पुन्हा हातात दिला. पुढे ती बढती पुढे ढकलण्यात आली आणि १ जानेवारी २०११ ला ती अमलात आली. ही हकिकत मी पूर्वी वाचली होती. परंतु तिचा अर्थ मला कळला तो दुवाफरू बेटावर.

वर्गाचे शेवटचे दोन आठवडे प्रत्यक्ष सरावाचे होते. मालेहून उत्तरेकडे रा नावाचे कंकणद्वीप आहे. इफुरूच्या चिमुकल्या विमानतळावर उतरून आम्ही होडीने दुवाफरूला गेलो. बरोबर दत्ता आणि आठ शिकाऊ गणक. सकाळच्या न्याहारीला मासहुनी, म्हणजे मासळी, खोवलेला नारळ, कांदा आणि मिरची एकत्र कुस्करलेली, आणि बरोबर रोशी, म्हणजे आपली पोळीच. आमच्या कोकणातल्या मामीच्या हातचे खाल्ल्यासारखे वाटले.

दुवाफरूवर उतरताच एक गोष्ट डोळ्यांत भरते. गाव फार सरळ आहे. सरळ रस्ते, सारख्या घरांच्या रांगा, वाळूचे चौरस आवार. शतकानुशतकांच्या गावाला असा सरळपणा नसतो. हे गाव त्सुनामीनंतर वसविलेले आहे. जवळच कंदोळुदू नावाचे एक बेट होते. जेमतेम काही एकरांचे, आणि त्यावर साडेतीन-चार हजार माणसे भिंतीला भिंत लावून राहत. लाटांनी ते बेट राहण्याजोगे ठेवले नाही. माणसे आसपासच्या पाच बेटांवर पांगली, कोणी तंबूत, कोणी तात्पुरत्या खोल्यांत, आणि चार वर्षांनी रेडक्रॉसच्या मदतीने या ओसाड बेटावर सुमारे सहाशे घरे बांधून त्यांना आणण्यात आले.

दुसऱ्या दिवशी मी एका शिकाऊ मुलीबरोबर एका घरी गेलो. वय बाविसाच्या आसपास, स्वभावाने लाजाळू, पण प्रश्न विचारताना आवाज स्वच्छ. अंगणात जोलीत बसून एक वृद्ध बाई सुपारी चघळीत होत्या. सगळे गाव त्यांना मामा म्हणत होते, आणि मीही एव्हाना त्या शब्दाला सरावलो होतो.

नाव झाले. वयाच्या प्रश्नावर थोडी चर्चा झाली. मग मुलीने विचारले, "मामा, जन्म कोणत्या बेटावरचा?"

"कंदोळुदू."

मुलगी टॅबवर बोट फिरवीत राहिली. बेटांची यादी वर गेली, खाली आली. तिने माझ्याकडे पाहिले. कंदोळुदू यादीत नव्हते.

ती यादी मी केलेली होती. सरावाची प्रश्नावली तयार करताना मी आज वस्ती असलेली बेटे तेवढी घेतली होती. नेटकी, अकारविल्हे, प्रत्येकीला आकडा दिलेला. जेथे कोणी राहत नाही ते बेट यादीत कशाला, असा माझा हिशेब. आता उत्तर भरल्यावाचून टॅब पुढे सरकेना.

"'इतर' लिही," मी म्हणालो. "शेवटचा आकडा. नव्व्याण्णव."

मुलीने लिहिले नाही. ती मामांशी त्यांच्या भाषेत काही बोलली. मामांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि मला विचारले, "इतर? ते कुठलं बेट? मी तर तिथं कधी गेले नाही."

दत्ताने भाषांतर केले तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हते. नंतर इंग्रजीत हलकेच म्हणाली, "सर, दहा वर्षांवरची या गावातली बहुतेक माणसं तिथं नाहीतर त्या पाच बेटांवर जन्मली. उद्या तक्ता केला, तर दुवाफरूचे लोक कुठून आले, याचं सगळ्यात मोठं उत्तर 'इतर' येईल."

संख्याशास्त्र्याला याहून मोठी चपराक नाही. ज्या पाहणीत सगळ्यात मोठा आकडा 'इतर'च्या रकान्यात पडतो, ती पाहणी करणाऱ्याने काहीच पाहिलेले नसते.

मामा बोलू लागल्या. त्यांचे घर पोवळ्याच्या दगडांचे होते. शेजारणीशी बोलायला अंगणात जावे लागत नसे, भिंतीतूनच बोलणे होई. त्या सकाळी समुद्र दोन्ही बाजूंनी आला. किती वेळ होता, हे त्यांना सांगता येईना. पाणी गेले तेव्हा भिंती नव्हत्या, एवढे त्यांनी सांगितले. मग त्या पुन्हा सुपारी चघळू लागल्या, आणि थोड्या वेळाने एकदम मला म्हणाल्या, "तुमचा जन्म कुठला?"

"पुणे," मी नेहमीच्या सवयीने म्हणालो.

ते खरे नव्हते. मी पुण्यात वाढलो. माझा जन्म सातारा जिल्ह्यातला, कोयनेच्या काठचा. १९६४ साली धरण पुरे झाले. मी तेव्हा शाळेतही जात नव्हतो. वडिलांनी बैलगाडीत भांडी भरली, एवढे अंधुक आठवते. ते गाव आता शिवसागर जलाशयाच्या तळाशी आहे. शिरगणतीचा मनुष्य जेव्हा जेव्हा दारात आला आणि जन्मस्थान विचारू लागला, तेव्हा मी 'जिल्हा सातारा' एवढेच सांगत आलो. गावाचे नाव सांगून उपयोग काय, त्याच्या यादीत ते कोठे सापडणार, असे मनात येई. वडिलांना मात्र कोणी गाव विचारले की ते तेच नाव सांगत, शेवटपर्यंत सांगत राहिले, आणि आम्ही मुले एकमेकांकडे पाहून हसत असू.

मी दत्ताला म्हटले, "मामांना सांग, मी चुकीचं सांगितलं." आणि माझ्या गावाचे नाव मी त्या अंगणात उच्चारले. मामांनी ते दोनदा म्हणून पाहिले. "त्याच्यावर पण समुद्र आला?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "समुद्र नाही. माणसांनी पाणी आणलं. वीज करायला." यावर त्यांनी मान हलविली. कशाला हलविली, ते कळले नाही. पण त्या अंगणातून निघताना मला फार हलके वाटत होते.

त्या संध्याकाळी शाळेच्या खोलीत आम्ही सगळे बसलो. गावातली दोन-तीन वयस्क माणसे, एक मास्तर, दत्ता आणि ती मुलगी. एका कोऱ्या कागदावर वस्ती उठलेल्या बेटांची नावे लिहायला सुरुवात झाली. कोणी त्सुनामीने उठलेले सांगे, कोणी त्याआधी वस्ती कमी होत होत ओस पडलेले. "ते राहिलं बघा," "अन् ते लिहिलं का?" असे चालले होते. आपल्याकडे श्राद्धाला पितरांची नावे आठवताना घरातील म्हातारी माणसे असेच एकमेकांना आठवण करून देतात. रात्री उशिरा त्या मुलीने सगळी नावे टॅबच्या यादीत चढविली आणि प्रत्येकाला स्वतंत्र आकडा दिला. 'वस्ती: नाही, जन्मस्थान म्हणून ग्राह्य,' अशी टीप खाली तिनेच लिहिली. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ टिपा लिहिल्या आहेत. इतकी चांगली एकही लिहिली नाही.

सकाळी आम्ही पुन्हा मामांकडे गेलो. मुलीने पुन्हा तोच प्रश्न विचारला. मामांनी पुन्हा तेच उत्तर दिले. टॅबवर बोट टेकले आणि पुढचा प्रश्न आला. मामांनी विचारले, "गेलं का पुढं?" मुलगी म्हणाली, "गेलं."

यानंतर देशावर आणखी एक संकट येऊन गेले. २०२० साली जगभरची विमाने थांबली आणि पर्यटकांवर जगणाऱ्या या देशाचे उत्पन्न एका वर्षात जवळजवळ एक तृतीयांशाने घटले. तरी २०२२ च्या सप्टेंबरात त्यांनी आपली शिरगणती पार पाडली: ५ लाख १५ हजार माणसे. त्यांतील एक लाख तीस हजारांच्या वर परदेशी, बहुतेक कष्टाच्या कामासाठी आलेले. आणि दर पाच माणसांतील दोन एकट्या मालेच्या परिसरात. एवढे आकडे नुसते वाचायला एक मिनिट लागत नाही. ते गोळा करायला किती होड्या, किती डिझेल आणि किती अंगणे लागली असतील, याचा मला आता थोडाबहुत अंदाज आहे.

त्या लाजाळू मुलीने कचेरी सोडली. तिला एका हॉटेलच्या बेटावर हिशेबाची नोकरी मिळाली, पगारही चांगला मिळाला. दत्तानेच कळविले. मला वाईट वाटले, पण दत्ताच्या पत्रात तक्रार नव्हती. 'तिची यादी आमच्याकडे आहे,' एवढेच तिने लिहिले होते. एखाद्या देशाला मोजणी शिकवायची म्हणजे काय, याचे उत्तर मला वाटते याच वाक्यात आहे. माणसे येतील, शिकतील, जातील, मीही गेलो. जाताना मागे एक चांगली यादी राहिली, आणि ती का केली हे सांगणारा एक मनुष्य राहिला, की काम झाले.

परवा नाना पुन्हा भेटले. फराळाला बोलावले होते. चकली मोडता मोडता म्हणाले, "मग, मोजून झाला का तुमचा देश?"

मी म्हटले, "नाना, तुमचा जन्म कुठला हो?"

"मुंबईचा," ते म्हणाले. मग चकलीचा तुकडा हातातच ठेवून थोडे थांबले. "म्हणजे तसं म्हटलं तर गिरगावातला. आमची चाळ पाडली. आता तिथं टॉवर आहे."

"चाळीचं नाव काय होतं?"

नानांनी नाव सांगितले. मग खोलीचा नंबर सांगितला, शेजाऱ्यांची नावे सांगितली, गॅलरीत कोण कोठे कंदील टांगीत असे ते सांगितले. चहा दोनदा गार झाला. मी मधे काही बोललो नाही. पुढच्या खेपेला शिरगणतीचा मनुष्य दारात येईल, तेव्हा मीही त्याला माझ्या गावाचे नाव सांगणार आहे. त्याच्या यादीत ते नसेल. नसू दे. त्याला लिहून घ्यायला मी जरा वेळ देईन.